स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस : एका शोधाची वाटचाल

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी परिसर विडी-तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथील तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी मोठे आंदोलन केले. ६ एप्रिल रोजी त्यात गोळीबार झाला. ज्या पिकावर या भागाची रोजीरोटी चालते, त्याचा धूर शरीरात काय करतो हे समजण्यासाठी शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण उपयुक्त ठरते.

इ.स. १६४२ मध्ये इटलीतील पादुआ येथे विर्सुंग याने मानवी स्वादुपिंडाची मुख्य नलिका दाखवून दिली. १६६४ मध्ये द ग्राफ या डच संशोधकाने कुत्र्याच्या नलिकेतून रस गोळा केला; परंतु गुरू सिल्व्हियस यांच्या मताला अनुसरून तो आम्लधर्मी ठरविला. वस्तुतः हा रस अल्कधर्मी असतो. १९०२ मध्ये लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस पाझरला. आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाणाऱ्या या संदेशवाहकाला त्यांनी ‘सिक्रेटिन’ हे नाव दिले. म्हणजे जठरातून आलेले आम्लच आपल्या उताऱ्याला बोलावणे धाडते.

हा उतारा म्हणजे बायकार्बोनेट. रक्तात त्याचे प्रमाण लिटरला सुमारे २५ मिलिमोल, तर नलिकेतील रसात ते १४० पर्यंत चढते. नलिकेच्या पेशीत कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून बायकार्बोनेट बनताना आम्लकणही तयार होतात. ते साचू नयेत म्हणून पेशी सोडियमच्या बदल्यात त्यांना रक्ताकडे परत लोटते. शिवाय सोडियमसोबत रक्तातील बायकार्बोनेटही आत घेते. हे इशिगुरो, स्टुअर्ड व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गिनीपिगच्या नलिकांवर दाखविले. नलिकेच्या पोकळीकडील दार सीएफटीआर या प्रथिनाचे असून त्याचे जनुक १९८९ मध्ये सापडले. या जनुकात गंभीर दोष असल्यास रस घट्ट होऊन नलिका तुंबतात.

धूम्रपान करणाऱ्यांत नलिकेच्या पेशींचे हे कार्य मंदावलेले आढळते, असे अमेरिकेतील २०१३ च्या एका अभ्यासाने दाखविले. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचे धूम्रपान हे आता स्वतंत्र कारण मानले जाते.

सीमाभागातील महाविद्यालयांत विडी वळणाऱ्या घरांतील मुलेमुली शिकतात. त्यांना हा पाठ शिकविताना कष्टकऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र रोजगाराचा प्रश्न आणि शरीराचा प्रश्न एकत्र मांडणे, ही शिक्षकाची जबाबदारी आहे.