धक्का ते टेकडी

मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्यांना लोक आधी गेटवेला नेतात. मी माझगावला नेतो. गेटवे बांधून पुरा झाला 1924 साली, तोही राजाराणीच्या आगमनाची खूण म्हणून. पोटासाठी मुंबईला आलेली आमच्याकडची माणसं उतरली ती भाऊच्या धक्क्यावर. माझी आजी लग्न होऊन रेवसहून आली तीसुद्धा इथेच. एक ट्रंक, तांदळाचं गाठोडं, आणि बोट लागून अर्धमेली झालेली ती.

धक्क्याच्या नावातले भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. 1841 च्या सुमारास त्यांनी समुद्रात भराव घालून धक्का बांधला. सरकारदरबारी फेरी वार्फ म्हणतात, पण कोकणातला माणूस भाऊंचंच नाव घेतो. आम्ही पहाटे जातो. मासळीचा लिलाव चालू असतो, बर्फाच्या पाण्याने पाय भिजतात, हातगाडीवाला मागून ओरडतो. पाहुण्यांनी नाक धरलं तरी मी घाई करत नाही. माझगाव कोळ्यांचंच बेट होतं, मुंबईच्या सात बेटांपैकी एक. त्याची ओळख मासळीपासूनच व्हायला हवी.

दक्षिणेला गोदीची लांबलचक भिंत दिसते. वडील गोदीत टॅली क्लार्क होते. 14 एप्रिल 1944 ला दुपारी चार वाजून गेले आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटलं. त्याच्या पोटात स्फोटकं, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या. आधी आग लागली होती, बंब येऊन पाणी मारत होते, तेवढ्यात पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. पेटत्या गासड्या उडून आसपासच्या वस्तीवर पडल्या. वडील आयुष्यभर ओल्या कापसाचा वास सहन करू शकले नाहीत, एवढंच मला ठाऊक. ते त्या दिवसाबद्दल फार बोलत नसत आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

डॉकयार्ड रोड स्टेशन ओलांडलं की चढ लागतो. वाटेत हसनाबादचा पांढरा घुमट दिसतो. 1881 मध्ये वारलेल्या पहिल्या आगाखानांची ही कबर. त्यापुढे म्हातारपाखाडी. लाकडी जिने, कौलं, दारापुढच्या कुंड्या, गल्लीत क्रूस. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची ही जुनी वस्ती, आणि इथल्या जुन्या घरांमधून मराठी अजूनही ऐकू येते. टिळकांचे सहकारी, 1925 मध्ये मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा इथलेच. होमरूलच्या धामधुमीत पुण्याच्या वाड्यांइतकीच ही पाखाडीही महत्त्वाची होती, हे आपण शाळेत शिकवत नाही. ज्या ग्लोरिया चर्चमध्ये इथल्या पिढ्यांचे बाप्तिस्मे झाले, ते 1632 सालचं माझगावचं देऊळ पाडलं गेलं. आता भायखळ्याला आहे ते 1913 चं.

भंडारवाड्याच्या टेकडीवर पाण्याचा मोठा साठा आहे आणि त्याच्या डोक्यावर बाप्टिस्टांच्या नावाची बाग. माझगावचा किल्ला इथे होता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने 1689 मध्ये मुंबईवर चढाई करून तो घेतला आणि पुढच्या वर्षी जाताना उद्ध्वस्त केला. दगडही उरला नाही. पण बाकावर बसलं की तो इथे का बांधला ते कळतं: गोदी, क्रेन, नांगरलेली जहाजं, पलीकडे उरणचा डोंगर, सगळं एका नजरेत. सगळे पाहुणे इथे गप्प होतात.

मग आम्ही उतरून पुन्हा धक्क्यावर येतो आणि रेवसची लाँच पकडतो. 17 जुलै 1947 ला, आषाढ अमावास्येला, याच वाटेवर 'रामदास' बोट बुडाली, काश्याच्या खडकाजवळ. सहाशेहून जास्त माणसं गेली. आजीची सख्खी मावशी त्यात होती. लाँच त्या बाजूला आली की आजी डोक्यावर पदर घ्यायची आणि पाण्यात चिमूटभर हळदकुंकू सोडायची. माझ्या खिशात आता तिचीच पुडी असते.