प्लेगच्या हिवाळ्यातील क्रूस : सांताक्रूझ-कालिना परिसरातील लोकभक्तीचा एक अध्याय

सांताक्रूझ हे स्थलनाम पोर्तुगीज आहे आणि त्याचा अर्थ 'पवित्र क्रूस' असा आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु या नावाची व्याकरणिक घडण सहसा कोणी लक्षात घेत नाही. पोर्तुगीज भाषेत क्रूसवाचक नाम स्त्रीलिंगी असल्यामुळे त्यास 'सांता' हे स्त्रीलिंगी विशेषण लागते. तोच शब्द मराठीत 'क्रूस' होऊन आला तेव्हा तो पुल्लिंगी झाला. गावाच्या नावात मात्र जुने स्त्रीलिंग गोठून राहिले. मराठी बायबलाच्या वाचकास परिचित असलेला शब्द याहून निराळा, म्हणजे 'वधस्तंभ' हा आहे. ही दोन नावे एकाच वस्तूची असली तरी त्यांमागील दृष्टी भिन्न आहे. 'वधस्तंभ' हा संस्कृत समास घटनेचा अर्थ सांगतो. 'क्रूस' हा उसना शब्द काही अर्थ सांगत नाही, तो केवळ समोर उभ्या असलेल्या वस्तूकडे बोट दाखवतो. वधस्तंभावर प्रवचन करता येते. हार घालावयाचा तो क्रूसाला. साष्टीच्या कॅथलिक रहिवाशांनी दुसरा शब्द जवळ केला आणि त्याबरोबर ती वस्तूही आपल्या पाखाडीच्या तोंडाशी आणून उभी केली.

कालिना, वाकोला, सांताक्रूझ, वांद्रे या पट्ट्यातील गावठाणांतून हिंडणाऱ्यास असे दगडी वा चुनेगच्चीचे क्रूस जागोजागी दिसतात. चौथऱ्यावर उभा खांब, क्वचित वर लहानसे छप्पर, पुढे मेणबत्त्यांसाठी कोनाडा, आणि पुष्कळदा पायथ्याशी कोरलेले साल, असे त्यांचे सर्वसाधारण रूप आहे. यांतील अनेकांस लोक 'प्लेगचे क्रूस' म्हणून ओळखतात. मौखिक परंपरा अशी की, प्लेगच्या दिवसांत इगर्जीत एकत्र जमणे धोक्याचे झाले, तेव्हा लोकांनी घराजवळच क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे प्रार्थना सुरू केल्या. ही परंपरा खरी मानली तर तीतून एक मोठा प्रश्न उपस्थित होतो. ज्या काळी श्रद्धेची नेहमीची साधने, म्हणजे धर्मगुरू, मिस्सा, विधिपूर्वक दफन, हातची निसटू लागली, त्या काळी सामान्य श्रद्धाळूने धीर कशाच्या आधारे धरला?

प्लेगचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने मांडवी भागातील रोग हा ग्रंथिक प्लेग असल्याचे जाहीर केले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबई शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तीतील निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले होते. त्याच महिन्यात साथरोगांचा कायदा झाला. घरझडत्या, विलगीकरण, रोग्यांना बळाने इस्पितळात नेणे, यांतून उसळलेला असंतोष पुण्यास २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यापर्यंत आणि मुंबईस ९ मार्च १८९८ च्या दंग्यापर्यंत पोहोचला. सांताक्रूझ तेव्हा मुंबई शहरात नव्हते. ते ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील भातशेती व ताडामाडांचे खेड्यांचे क्षेत्र होते. उपनगर जिल्हा १९२० साली झाला आणि या भागाचा मुंबई महापालिकेत समावेश १९५० साली. परंतु लोहमार्गामुळे शहर सोडणाऱ्यांचा एक लोंढा याच दिशेने वाहिला आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही आला.

या साथीचा एक विशेष असा की, ती ऋतूची बांधील होती. मुंबईतील प्लेग थंडी पडू लागली की वाढे, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कळस गाठी आणि मे-जूनपर्यंत ओसरे. पुढील हिवाळ्यात पुन्हा डोके वर काढी. पिसू या रोगाचा वाहक आहे हे पॉल-लुई सिमों याने १८९८ साली कराचीत दाखविले, आणि अतिउष्ण व कोरड्या हवेत पिसू तग धरीत नाही हे पुढील संशोधनाने स्पष्ट केले. १८९७ च्या शेतकऱ्यास ही मीमांसा उपलब्ध नव्हती. त्याला एवढेच दिसले की, भाताची कापणी होऊन शेते उघडी पडली, हवा गार झाली, आणि घरात उंदीर मरून पडू लागले. आपल्याकडे एरव्ही हिवाळा हा सुखाचा, लग्नकार्याचा व सणासुदीचा काळ. युरोपीय भक्तिवाङ्मयात हिवाळा हे आत्म्याच्या निष्फळ अवस्थेचे प्रतीक आहे. कोकणच्या माणसाला ते प्रतीक परके वाटावयाचे. प्लेगने मात्र काही वर्षे ते या भूमीत अक्षरशः खरे करून दाखविले.

त्या वर्षीचे ख्रिस्ती पंचांग साथीच्या आलेखाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक ठसते. १८९६ चा नाताळ साथ चढत असताना आला. २० जानेवारीस संत सेबॅस्तियनचा सण. हा संत युरोपात शतकानुशतके महामारीच्या वेळी आळविला जात असे. ३ मार्च १८९७ रोजी राखेचा बुधवार होऊन उपवासकाळ सुरू झाला, म्हणजे मनुष्य माती आहे हे स्मरण देऊन कपाळाला राख लावण्याचा विधी दफनभूमीत नव्या मातीचे ढीग पडत असताना आला. १८ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार झाला आणि ३ मे रोजी क्रूसशोधनाचा सण. त्या सुमारास साथ उतरणीस लागली होती. उपासनेचे वर्ष आणि रोगाचे वर्ष यांची ही जुळणी योगायोगाची आहे. पण लोकमानस योगायोगाचीच परंपरा बनविते, आणि प्रत्येक हिवाळ्यात रोग परतत राहिल्याने ही जुळणी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा अनुभवास आली.

साष्टीच्या ख्रिस्ती समाजाला धर्मगुरूंच्या अभावाची सवय मात्र नवी नव्हती. कालिन्याची इजिप्तच्या मातेची इगर्जी १६०६ सालची, जेझुइटांच्या काळातील. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी व वसई मराठ्यांच्या हाती आल्यावर युरोपीय धर्मसंघीय येथून निघून गेले, त्यांचे मठ ओस पडले आणि उरलेल्या इगर्ज्यांचा भार थोड्या देशी पाद्र्यांवर पडला. १७७४ अखेर इंग्रजांनी साष्टी घेतली तरी जुनी व्यवस्था परत आली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालच्या राजाश्रयाची 'पाद्रोआदो' व रोमच्या थेट अधिकाराची 'प्रोपागांदा' या दोन सत्तांचा झगडा लागला. १८८६ च्या करारानंतर मुंबईस आर्चबिशप आणि साष्टीतील बहुतेक जुन्या धर्मग्रामांवर दमणचा बिशप अशी विभागणी झाली, आणि ती १९२८ पर्यंत टिकली. या दीर्घ काळात जो समाज ख्रिस्ती राहिला, तो केवळ व्यासपीठावरील उपदेशाने राहिला असे म्हणता येत नाही. घरातील जपमाळ, वाटेवरील क्रूस, सणाचा ठरलेला दिवस यांनी त्याला धरून ठेवले. १८९६ च्या हिवाळ्यात ज्यांनी गावठाणात क्रूस उभे केले, ते नवे काही शोधून काढीत नव्हते; दीडशे वर्षांपूर्वी उपयोगी पडलेली रीतच ते पुन्हा हाती घेत होते.

क्रूसापुढील उपासनेचे स्वरूप पाहिले की तिचे बळ कशात होते ते कळते. ठराविक वेळी, बहुधा दिवेलागणीस, पाखाडीतील माणसे जमत. एकजण जपमाळ सांगे, बाकीचे उत्तर देत. शेवटी 'लादाइन्या', म्हणजे नामोच्चारांची माला. पुढारी एकेक नाव घेई आणि समुदाय प्रत्येक नावानंतर तेच लहानसे लॅटिन पालुपद म्हणे. संतांच्या लादाइन्येत महामारी, दुष्काळ आणि युद्ध या तिहींपासून सोडविण्याची याचना एकत्र केलेली आहे. १८९६-९७ या वर्षी दख्खनेत दुष्काळही पडला होता, तेव्हा या तीनांपैकी दोन संकटे देशात प्रत्यक्ष उभी होती. म्हणणाऱ्याला लॅटिनचा अर्थ शब्दशः कळत नसेल. पण 'पेस्ते' हा शब्द पोर्तुगीजच्या वाटेने त्याच्या कानावरून गेलेला होता, आणि तो कोणत्या ठिकाणी येतो हे त्याला ठाऊक होते.

या उपासनेत स्फूर्तीला, वक्तृत्वाला किंवा भावनेच्या उमाळ्याला फारसा वाव नाही. आधुनिक टीकाकार तीस यांत्रिक म्हणतील. परंतु नेमकी हीच गोष्ट कोरड्या काळात तारक ठरते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या 'आत्मिक साधना' या ग्रंथात (त्यास पोपची मान्यता १५४८ साली मिळाली) मनाच्या दोन अवस्था सांगितल्या आहेत : सांत्वनाची आणि विरसतेची. विरस अवस्थेत प्रार्थनेत गोडी वाटत नाही, ईश्वर दूर गेला असे वाटते. अशा वेळी पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. आणि प्रार्थनेचा नेमलेला तास कंटाळ्याने कमी करण्याऐवजी थोडा अधिकच वेळ बसावे, असा त्याचा उपदेश आहे. हा उपदेश मानसशास्त्रीय दृष्ट्या मोठा मार्मिक आहे, कारण तो भावना जागी करण्याच्या खटपटीत पडत नाही. तो केवळ वेळापत्रक राखावयास सांगतो. पाखाडीतील भातशेतकऱ्याने इग्नेशियस वाचला नव्हता. पण ज्या इगर्ज्यांभोवती त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वळणे घडली, त्यांतील काही या संघानेच बांधल्या होत्या, आणि वळण हे ग्रंथापेक्षा अधिक दूर पोहोचते. ज्याच्या घरातून काल प्रेत गेले त्याला आज प्रार्थना सुचावयाची नाही; तथापि शेजाऱ्याने नाव घेतल्यावर पालुपद म्हणणे त्याला शक्य होते. वारकऱ्यांच्या नामस्मरणाशी परिचित असलेल्या वाचकास यात अनोळखी असे काही वाटणार नाही.

भाषेच्या दृष्टीने येथे एक विसंगती दिसते आणि ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या समाजाची घरची बोली मराठीच. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीतील मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणातील कोळी, आगरी यांच्या बोलींबरोबर 'किरिस्ताव' बोलीचीही नोंद आहे. ज्या समाजाने १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नाव घेऊन आपली संस्था स्थापन केली, तोच समाज दहा वर्षांनी प्लेगमध्ये लॅटिन पालुपदे म्हणत आणि एकमेकांची विचारपूस मराठीत करीत क्रूसापुढे उभा होता. नाव इंग्रजी, उपासना लॅटिन, दुःख मराठी. इगर्जी, पाद्री, नाताळ, क्रूस हे शब्द बोलीत पूर्ण मुरले होते. त्यांना परके म्हणण्याचे कारण आता उरलेले नाही.

श्रद्धा आणि वैद्यक यांचा विरोध या कथेत शोधणे चुकीचे होईल. रोगाचे निदान करणारे व्हिएगस स्वतः कॅथलिक होते. वाल्डेमार हाफकिन याने १० जानेवारी १८९७ रोजी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर तिचे सर्वांत बोलके परिणाम दिसले ते त्याच वर्षी दमणमध्ये, म्हणजे साष्टीचे धर्मग्राम ज्या पीठाच्या अधिकारात होते त्याच गावी. तेथील सुमारे आठ हजार वस्तीपैकी दोन हजारांवर लोकांनी टोचून घेतले, आणि टोचलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण न टोचलेल्यांच्या मानाने फारच अल्प राहिले. जपमाळ हातात असलेला माणूस सुईपुढे दंड करीत नाही, ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही. विरोध झाला तो मुख्यतः जबरदस्तीला, आणि तो सर्वच धर्मांच्या लोकांनी केला.

तथापि प्रत्येक जुन्या क्रूसास 'प्लेगचा' म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. काही क्रूस पोर्तुगीज काळाचे आहेत, काही कुटुंबांनी नवस म्हणून उभारले, काही साथ संपल्यावर कृतज्ञतेने. वांद्र्याच्या बाजार रोडवरील जो क्रूस एप्रिल २०१७ मध्ये महापालिकेच्या कारवाईत पाडला गेला आणि त्यामुळे वृत्तपत्रांत गाजला, तो १८९५ सालचा म्हणून सांगितला जात असे, म्हणजे साथीच्या आदल्या वर्षाचा. कोरलेले साल, जमिनीचे कागद आणि घराण्यांच्या आठवणी या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज निर्णय देऊ नये. परंतु यातून एक उपपत्ती सुचते : साथीपूर्वीचे क्रूसही लोकांनी प्लेगच्या आठवणीत ओढून घेतले, कारण त्यांच्यापुढची संध्याकाळची प्रार्थना त्या हिवाळ्यांतच नित्याची झाली. तसे असेल तर 'प्लेगचा क्रूस' हे नाव बांधणीचे नसून वापराचे आहे, आणि मौखिक परंपरा साल चुकली तरी आशय चुकली नाही असे म्हणावे लागेल.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे मुंबईतील इगर्ज्या बंद झाल्या, तेव्हाही उपवासकाळच चालू होता. त्या वेळी संचारबंदीमुळे क्रूसापुढेही जमता येईना. १८९७ मध्ये जो पर्याय खुला होता तोही मिटला आणि प्रार्थना घराच्या खिडकीपर्यंत व दूरध्वनीच्या पडद्यापर्यंत मागे आली. जुन्या गावठाणांत तेव्हा प्लेगच्या गोष्टी पुन्हा सांगितल्या गेल्या, हे स्वाभाविकच होते.

क्रूसशोधनाचा ३ मेचा सण रोमन पंचांगातून १९६० साली काढून टाकण्यात आला आणि क्रूसाचा मुख्य सण म्हणून १४ सप्टेंबर हा दिवस राहिला. सप्टेंबर हा मुंबईत पावसाचा महिना, आणि १८९६ च्या आठवणीने पाहिले तर साथ उघडकीस येण्याचाही. साष्टीच्या गावठाणांनी हा बदल फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. कालिना-सांताक्रूझपासून वांद्र्यापर्यंत क्रूसांना रंग देणे, फुलांनी सजविणे, त्यांच्यापुढे जपमाळ म्हणून नंतर उकडलेले चणे वाटणे, हे सारे आजही मे महिन्यातच होते.