वाचनगटासाठी रहस्यकथा कोणती?

मित्रहो, टेमघरच्या आपल्या वाचनगटाला जुनी गाजलेली रहस्यकथा निवडायचीय. कुणी शेरलॉक होम्स सुचवला, कुणी अगाथा ख्रिस्ती. बाबूराव अर्नाळकरांचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. असं का व्हावं?

अर्नाळकर १९०६ साली जन्मले, १९९६ साली गेले. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. लोकांनी त्या हातोहात वाचल्या, पण समीक्षकांनी त्यांना साहित्यात धरलं नाही. आणि ज्याला साहित्य मानत नाहीत, ते सहसा कुणी जपतही नाही. पुष्कळ प्रती रद्दीत गेल्या. अभिजात ठरायला पुस्तक आधी उरावं तर लागतं ना!

आता निवडीचं बोलू. धनंजय आणि छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. झुंझार मात्र कायदा बाजूला ठेवून दुष्टांना धडा शिकवतो. माझं मत झुंझारला. खुनी कोण, हे शेवटी कळतं आणि चर्चा तिथेच थांबते. पण कायदा न जुमानणारा नायक आपल्या आजोबांच्या पिढीला इतका जवळचा का वाटला, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर सुरू होतो. तेव्हा घरी माळ्यावर एखादी प्रत सापडली, तर पुढच्या बैठकीला जरूर घेऊन या.