कडवे वाल आणि प्रथिन वेगळे करण्याच्या तंत्राची कुळकथा

पेण आणि रोहा तालुक्यांत भाताची कापणी उरकल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर जे वाल घेतले जातात, त्यांच्या कच्च्या दाण्यात पचनाला अडथळा करणारी प्रथिने असतात. ही प्रथिने दाण्यातून वेगळी काढून त्यांचे कार्य मोजण्याचे तंत्र रेणवीय शरीरक्रियाशास्त्रात, म्हणजे शरीराची कामे रेणूंच्या पातळीवर उलगडणाऱ्या शास्त्रात, नवख्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम दिले जाणाऱ्या तंत्रांपैकी एक आहे, आणि त्याचे कूळ एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाते.

१८६१ साली थॉमस ग्रॅहम यांनी पातळ पडद्यातून लहान रेणू पार होतात आणि मोठे अडतात, या गुणाचा उपयोग करून द्रव्ये वेगळी करण्याची रीत मांडली. तीच आजची अपोहन क्रिया होय. पुढे १८८८ साली दोर्पात येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे, हेर्मान श्टिलमार्क यांना एरंडाच्या बियांच्या अर्काने रक्तातील तांबड्या पेशींच्या गुठळ्या होताना दिसल्या, आणि बीजातील प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, ही कल्पना तेथून रुजली. पेशी-संलग्नन या नावाने ओळखली जाणारी ही कसोटी आजही केली जाते: अर्क दर वेळी निम्मा करीत ओळीने पातळ करतात, प्रत्येक खळग्यात पेशी घालतात आणि गुठळ्या दाखवणारा शेवटचा खळगा त्या अर्काचे बळ सांगतो. दुसरी शाखा पाचक रसांची आहे. जॉन नॉर्थ्रप आणि मोझेस कुनित्झ यांनी स्वादुपिंडात तयार होणारे, प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन हे वितंचक स्फटिकरूपात मिळवले, आणि १९४५ साली कुनित्झ यांनीच सोयाबीनमधून त्याला रोखणारे प्रथिनही स्फटिकरूपात काढले. हे रोधक प्रथिन ट्रिप्सिनच्या कार्यस्थानी घट्ट बसते, त्यामुळे अन्नातील प्रथिने न तुटता पुढे सरकतात.

या दोन्ही शाखा मुंबईत एकत्र आल्या, त्यामागे कमला सोहोनी यांचे कर्तृत्व आहे. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांचा प्रवेश अडवला गेला, तेव्हा त्यांनी संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांच्यापुढे आपला हक्क मांडला आणि अटी स्वीकारून काम सुरू केले. तेथे दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांचा हात बसला, पुढे केंब्रिजमध्ये बटाट्याच्या ऊतीत सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन त्यांनी दाखवून दिले, आणि १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जे विद्यार्थी घडवले, त्यांच्याबरोबर त्यांनी परदेशी नमुन्यांऐवजी येथील माणसे रोज खातात ती द्रव्ये निवडली: नीरा, भात, कडधान्ये आणि त्यांत वाल. वालातील ट्रिप्सिन-रोधक आणि रक्तपेशी-संलग्नक प्रथिने या गटाने वेगळी केली, शुद्ध केली आणि उंदरांच्या वाढीवर त्यांचा परिणाम तपासला. हे काम त्यांच्या इतर गाजलेल्या संशोधनाच्या तुलनेत कमी ओळखले जाते, आणि ते अन्यायाचे आहे, कारण तंत्र शिकण्यासाठी इतका परिचित आणि इतका बोलका नमुना क्वचित मिळतो.

वालाचे पीठ क्षारयुक्त पाण्यात ढवळून त्याचा अर्क काढतात, त्यात अमोनियम सल्फेट टप्प्याटप्प्याने मिसळतात, आणि पाण्याचे रेणू मिठाकडे ओढले गेल्याने प्रथिने एकेका गटाने साक्याच्या रूपाने खाली बसतात. नंतर अपोहनाने मीठ काढून टाकले की उरलेल्या द्रावणाची पुढील चाचणी घेता येते. प्रत्येक पायरीवर एकूण प्रथिन किती आणि त्यातील इष्ट कार्य किती, याची नोंद ठेवावी लागते, कारण प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे कार्य वाढले नाही, तर शुद्धीकरण झालेच नाही असे समजावे लागते. हाताची शिस्त याच नोंदवहीत घडते.

रायगडच्या स्वयंपाकघराला या प्रथिनांची नावे ठाऊक नव्हती, पण उपाय ठाऊक होता. वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सोलून मग बिरडे शिजवण्याच्या रीतीत टरफलातील तुरट टॅनिन निघून जाते आणि उष्णतेने ही प्रथिने आपली घडी गमावून बहुतांशी निष्प्रभ होतात. हिवाळ्यात शेतात लावल्या जाणाऱ्या पोपटीतही भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यातल्या शेंगा चांगल्या वाफवल्या जातात.

पेण-रोह्याच्या विज्ञान शिक्षकांनी हा नमुना वर्गात आणावा. साय काढलेल्या दुधाच्या पातळ द्रावणात ट्रिप्सिन घातले की ते हळूहळू निवळते, कच्च्या वालाचा अर्क आधी मिसळला तर निवळण्याची गती मंदावते, आणि चांगल्या उकळलेल्या अर्काने हा अडथळा बराच कमी होतो. या तीन नळ्या शेजारी ठेवल्या की विद्यार्थ्याला वितंचक, रोधक आणि उष्णतेचा परिणाम एकाच तासिकेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.