उत्तरपत्रिकेतील शब्दप्रमाण

ज्ञान म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी विचारला जातो. त्याचे उत्तर तपासताना कोणते ज्ञान ग्राह्य धरले जाते, हे मात्र कोणी विचारीत नाही. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. मीमांसकांनी वेदाचा शब्द अपौरुषेय ठरविला. पाचव्या-सहाव्या शतकातील बौद्ध आचार्य दिङ्नागाने ‘प्रमाणसमुच्चया’त प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे ठेवली, शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानण्याचे त्याने नाकारले. हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. ज्यांना वेद ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्यासाठी शब्दाचे प्रामाण्य म्हणजे बाहेरून कडी घातलेले दार होते.

ते दार परीक्षेत अजून तसेच आहे. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात मी तत्त्वज्ञान शिकवितो. ‘डोंगरावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे’ हे अनुमानाचे ठरीव उदाहरण. शहरातल्या मुलाला तो डोंगर पाठ करावा लागतो. धडगावकडील एका पावरा विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, की सातपुड्यात पहाटे धूर आणि धुके लांबून सारखेच दिसते. म्हणून ऋतू, वारा आणि वास पाहिल्याखेरीज आम्ही ‘आग’ म्हणत नाही. हेतू खरा की नुसता आभास, हाच प्रश्न त्याने उभा केला होता. बाष्पाला धूर समजून अग्नीचे अनुमान करण्याची चूक जुन्या तर्कशास्त्र्यांनाही ठाऊक होती! परीक्षकाने समासात ‘विषयांतर’ लिहिले आणि गुण कापले. मुलाच्या भाषेत चुका होत्या, हे खरे. त्याच्या घरची भाषा पावरी, मराठी नव्हे. पण शुद्धलेखनाचे गुण कापणे वेगळे आणि विचाराचे कापणे वेगळे. त्याच गठ्ठ्यात गाईडमधील व्याख्या शब्दशः उतरविलेल्या उत्तराला भरघोस गुण होते. प्रश्न अनुमानाचा, गुण शब्दप्रमाणाला.

शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, असे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले होते. परीक्षक कोठून यावेत, हा त्याच्याच पुढचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केला. लंडनचे परीक्षक काही आपले कैवारी नव्हते. ब्रिटिश धोरणावरील टीका त्यांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी प्रबंध पुन्हा लिहावयास लावला. बाबासाहेबांनी निष्कर्ष बदलले नाहीत, आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपले मतभेद उघड नोंदविले. सुवर्ण विनिमय पद्धतीवरचा बाबासाहेबांचा रोष त्यांना मान्य नव्हता. तरीही, जेथे हा लेखक चुकतो असे वाटले तेथेही त्याच्या विचारांतील ताजेपणाने आपल्याला चालना मिळाली, असे त्यांनी लिहून ठेवले. एवढा मतभेद सोसून गुण देणारा परीक्षक धडगावच्या त्या पोराच्या वाट्याला आला नाही. उत्तरसूचीत धुक्याला जागाच नव्हती.