प्लेगकाळातील रुग्णालयविरोध, मुंबई

मुंबईतील १८९६–९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्ण व त्यांच्या कुटुंबांनी सरकारी रुग्णालयात जाण्यास केलेला विरोध. उपचाराचा निर्णय एकट्या रुग्णाचा नसून घर, जात व धर्म यांचाही असतो, याचे हे ठळक उदाहरण. सप्टेंबर १८९६ मध्ये शहरातील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. रुग्णांना सक्तीने हलवले जाऊ लागताच सोवळेओवळे, परक्या हातचे अन्नपाणी, स्त्रियांची परपुरुषाकडून तपासणी आणि अंत्यविधी हुकण्याची धास्ती यांमुळे लोक रुग्ण लपवू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी आर्थर रोड रुग्णालयावर (सध्याचे कस्तुरबा रुग्णालय) गिरणी कामगारांच्या जमावाने हल्ला केला. पुढे प्रशासनाने नमते घेऊन निरनिराळ्या समाजांना स्वतंत्र रुग्णालये काढू दिली. तेथे स्वजातीचा स्वयंपाकी, ओळखीचे वैद्य-हकीम व नातलगांची सोबत मिळत असल्याने विरोध बराच ओसरला. जीवाणुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. तिच्या प्रसारातही समाजातील वडीलधाऱ्यांचा शब्द मोलाचा ठरला. धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी सर्वांदेखत लस टोचून घेऊन खोजा अनुयायांची भीती घालवली. लसनिर्मितीची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. तीच आजची हाफकिन संस्था.