पडद्यावरचा शेंदरी, कागदावरचा शेंदरी

लग्नपत्रिका किंवा मंडळाची स्मरणिका छापून घेतलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. स्क्रीनवर झळझळणारा शेंदरी कागदावर चक्क विटकरी होऊन येतो! मग प्रेसवाल्याशी वाद. गंमत म्हणजे हा वाद कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे. छापण्याआधी रंग बघायचा कसा, आणि फसला तर भुर्दंड कोणी सोसायचा?

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. छपाई शिळाछापाची, म्हणजे दर रंगाला वेगळा दगड. अशा छपाईत रंग आधी बघायचा एकच मार्ग होता: एकेका दगडाचा ठसा काढायचा, मग एकावर एक रंग चढवत चित्र कसं उतरतंय ते पाहायचं. शाई खरी, कागद खरा, त्यामुळे फसवणूक नाही. पण चूक कळायची ती दगड तयार झाल्यावर.

पुढे चार रंगांची छपाई रुळली. फिल्म, प्लेट, मग प्रूफ. प्रूफवर गिऱ्हाईक सही करणार आणि मशीनवाला तेच समोर ठेवून रंग जुळवणार. १९७२ साली ड्युपाँ कंपनीचं 'क्रोमालिन' आलं आणि प्लेट न बनवता थेट फिल्मवरून प्रूफ निघू लागलं. म्हणजे चूक एक पायरी आधी, स्वस्तात कळू लागली. पण प्रूफमधून छपाईची खरी शाई मात्र गेली.

स्क्रीनवर तर कागदही गेला. स्क्रीन लाल, हिरवा, निळा प्रकाश फेकते. शाई उलट प्रकाश शोषून घेते. त्यामुळे स्क्रीनवरचे काही भडक रंग चार शायांच्या आवाक्यातच नसतात. त्यात एकच चित्र दोन मॉनिटरवर दोन तऱ्हेचं! यावर तोडगा निघाला तो आकड्यांचा. माणसाच्या डोळ्याला दिसणारा रंग आकड्यांत मांडायची पद्धत १९३१ सालीच ठरली होती. तिच्याच आधारावर, १९९३ साली स्थापन झालेल्या आयसीसी या संस्थेने 'प्रोफाइल'चा सर्वमान्य नमुना ठरवला. अमुक मशीन, अमुक शाई, अमुक कागद, तर रंग असा येणार, याची ती नोंद.

फोटोशॉपमध्ये ते प्रोफाइल लावून प्रूफ पाहिलं की चित्र एकदम मरगळतं. कागदाचा रंगही दाखवायला सांगितला तर पांढरासुद्धा मळकट होतो. बहुतेक जण वैतागून ते बंद करतात. मला मात्र तीच त्याची खरी किंमत वाटते. स्क्रीन तिथे मुद्दाम आपली चमक कमी करून कागदाची मर्यादा दाखवत असते. अर्थात मॉनिटर नीट जुळवलेला हवा, आणि छापील प्रत बघायचा उजेडही ठरलेला हवा. छपाईत तो ५००० केल्विनचा धरतात.

असो. पाचशे प्रती छापायच्या असतील तर अजूनही त्याच कागदावर एक प्रूफ मागावं, दिवसाउजेडी बघावं आणि मगच सही करावी. त्या सहीनंतर विटकरी शेंदरीचा भुर्दंड आपला असतो.